केनिया मागत नाही, आपण मागतो: यलो फिव्हरच्या पिवळ्या कार्डाबद्दल

केनियातल्या मसाई मारा जंगलाची ट्रिप ठरली की घरोघरी एकच प्रश्न येतो, ते यलो फिव्हरचं इंजेक्शन खरंच घ्यावं लागतं का? आमच्याकडे काका-काकूंच्या ट्रिपच्या निमित्ताने यावर इतका खल झाला आणि त्यात इतक्या अर्धवट गोष्टी कानावर आल्या की म्हटलं आता नीट लिहूनच काढावं, कारण व्हॉट्सॲपवर जे फिरतंय त्यातलं निम्मं चुकीचं आहे आणि उरलेलं निम्मं जुनं.

पहिला गैरसमज हाच की हे कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं पिवळं सर्टिफिकेट, केनिया मागतं. तुम्ही मुंबईहून थेट नैरोबीला जाताय तर केनियाला त्याची गरज नाही, भारतात यलो फिव्हर नाहीच तर भारतातून येणाऱ्याकडे ते कशाला विचारतील. विचारतो तो आपला देश, आणि तेही तुम्ही परत येताना. निघताना काउंटरवर कार्ड बघतात तेही बऱ्याचदा याच परतीच्या नियमामुळे. यलो फिव्हरचा धोका असलेल्या देशांची एक यादी आहे, आफ्रिकेतले बरेच देश आणि ब्राझील, पेरू वगैरे दक्षिण अमेरिकेतले, तिथून निघून सहा दिवसांच्या आत तुम्ही सर्टिफिकेटशिवाय भारतात उतरलात तर विमानतळावरचा आरोग्य अधिकारी तुम्हाला जास्तीत जास्त सहा दिवस वेगळं ठेवू शकतो. घरी नाही हं, सरकारी विलगीकरणात. आणि हा काही कोविडनंतर निघालेला नियम नाही, विमानप्रवाशांच्या आरोग्याचे आपले नियम १९५४ सालचे आहेत.

काकांचं म्हणणं होतं की "अगं, सगळं जग तिथे फिरून येतं, आपल्याच लोकांना एवढी कसली भीती?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि याचं उत्तर कळलं की मग ते कार्ड म्हणजे कटकट वाटत नाही, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

यलो फिव्हर पसरवतो तो एडिस इजिप्ती डास. म्हणजे कोण, तर आपला डेंग्यूवाला, अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, कुंडीखालच्या ताटलीत आणि गच्चीवरच्या टायरमध्ये अंडी घालणारा. पुण्यात, नाशकात, मुंबईत दर पावसाळ्यात आपण ज्याच्यामागे धावतो तोच. म्हणजे डास आपल्याकडे ढिगाने आहे, माणसं कोट्यवधी आहेत आणि त्यातल्या जवळपास कोणालाच या रोगाची लस मिळालेली नाही. नाही तो फक्त विषाणू. आशियात हा रोग आजवर का रुजला नाही याची कारणं शास्त्रज्ञ अजून शोधतायत, अंदाज बरेच आहेत, पण नशिबावर भरवसा ठेवून दीडशे कोटींच्या देशाने बसावं असं निदान मला तरी वाटत नाही. एक माणूस अंगात विषाणू घेऊन उतरला, त्याला ताप आहे पण अजून निदान झालेलं नाही, त्या दोन-तीन दिवसांत त्याला सोसायटीतला एक डास चावला, एवढंच पुरे आहे. त्या डासाच्या अंगात विषाणू वाढतो आणि पुढे तो चावेल त्याला.

सहा दिवसांचा आकडाही यातूनच आलाय. डास चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, म्हणजे सहा दिवस काही झालं नाही तर माणूस सुटला. बहुतेकांना ताप, अंगदुखी, उलट्या होऊन आठवड्याभरात बरं वाटतं, पण काहींना ताप उतरल्यावर एखाद दिवसात पुन्हा उसळतो, लिव्हर आणि किडनीवर हल्ला होतो, डोळे-कातडी पिवळी पडते, रक्तस्राव होतो, आणि या दुसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावतात. या विषाणूवर नेमकं औषध आजही नाही. आहे ती लस, आणि ती मात्र फार चांगली आहे. मॅक्स थायलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये १७डी हा कमकुवत केलेला विषाणू तयार केला, त्याला त्यासाठी १९५१ चं नोबेल मिळालं, आणि आज आपण जी लस घेतो ती त्याच वंशाची आहे. एक डोस, जन्मभर पुरतो.

जन्मभर, हे मुद्दाम लिहिते कारण अजूनही लोक सांगतात दर दहा वर्षांनी घ्यावं लागतं. आधी तसंच होतं. ११ जुलै २०१६ पासून नियम बदलला, सर्टिफिकेट लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून आयुष्यभर चालतं, आणि जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तेसुद्धा चालतं. आमच्या ओळखीतले एक काका मर्चंट नेव्हीत होते, रत्नागिरीकडचे, त्यांच्या घरी पासपोर्ट, सीडीसी (खलाशांचं नोंदपुस्तक) आणि पिवळं कार्ड कायम एकाच पाऊचमध्ये असायचं, त्यांना हे आम्ही सांगितलं तर त्यांना पटेचना. तो दहावा दिवस मात्र अगदी लक्षात ठेवा. लस घेतल्या घेतल्या सर्टिफिकेट लागू होत नाही. शुक्रवारी लस आणि रविवारी विमान असं केलंत तर कार्ड हातात असूनही काही उपयोग नाही.

आता लस कुठे घ्यायची. गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही मिळत, केंद्र सरकारने मान्यता दिलेली ठरावीकच केंद्रं आहेत, मुंबईत बंदराचं आणि विमानतळाचं आरोग्य कार्यालय आहे, आणखी काही हॉस्पिटल्स आहेत. ठरलेले वार, ठरलेली वेळ, आधी अपॉइंटमेंट, ओरिजिनल पासपोर्ट. लोक चिडतात की रोज का देत नाहीत. कारण साधं आहे, पण तिथे बसल्याशिवाय ते कळत नाही. लस पावडरच्या रूपात एका छोट्या बाटलीत येते, एका बाटलीत पाच किंवा दहा जणांचे डोस, त्यात पातळ करायचं द्रावण घातलं की सहा तासांत संपवावी लागते, उरलं तर फेकायचं. मी काकांबरोबर गेले तेव्हा सिस्टरने आधी माणसं मोजली, दोघं अजून यायचे होते, त्यांची वाट बघितली, मगच बाटली उघडली. परदेशातून आणलेली, जगातच कमी बनणारी लस, तिचा एक डोस वाया जाऊ नये म्हणून ती बाई जी काळजी घेत होती ते बघून मला खरंच बरं वाटलं.

मग ते कार्ड भरलं जातं, म्हणजे कार्ड कसलं, पिवळं घडीचं पुस्तकच. त्यात पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव, पासपोर्ट नंबर, लसीचा बॅच नंबर, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का, आणि तारखेतला महिना अक्षरांत लिहायचा, आकड्यात नाही, कारण ०५/०७ म्हणजे जुलै की मे हे देशादेशात वेगळं. तुमची स्वतःचीही सही त्यावर लागते. जागच्या जागी सगळं तपासून घ्या, एक आकडा चुकला तरी नैरोबीहून तो दुरुस्त करता येत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा खरा संताप झाला ती. ट्रिपचं बघणाऱ्या एका माणसाने काकांना फोनवर सांगितलं की एवढं कशाला, पासपोर्टची कॉपी पाठवा, शिक्क्यासकट कार्ड घरपोच करतो, सुई टोचायची गरज नाही. किती सहज बोलला तो. आणि काकांच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांना ती सोयच वाटली! मी त्यांना अंगोलाची गोष्ट सांगितली ती इथेही सांगते. डिसेंबर २०१५ मध्ये आफ्रिकेतल्या अंगोलात, राजधानी लुआंडाजवळ यलो फिव्हरची साथ सुरू झाली. तिथे चिनी कामगार हजारोंनी होते, अंगोलात येणाऱ्याला ही लस सक्तीचीच होती, तरीसुद्धा २०१६ मध्ये चीनला परतलेल्या अकरा जणांना यलो फिव्हर निघाला. आशियात हा रोग प्रयोगशाळेत सिद्ध झालेला ही पहिलीच वेळ. नियम कागदावर होता आणि लस माणसाच्या दंडात नव्हती, त्याचा परिणाम हा असा. तेव्हा चीनमध्ये जिथे हे लोक उतरले तिथे डासांचा मोसम पुरता सुरू झाला नव्हता, म्हणून निभावलं. हेच लोक जुलैमध्ये मुंबईत उतरले असते तर? मला हा विचार केला तरी धसका बसतो.

त्याच साथीत जगाचा लसीचा आणीबाणीचा साठा इतका आटला की ऑगस्ट २०१६ मध्ये शेजारच्या काँगोच्या राजधानीत, किन्शासात, लोकांना पूर्ण डोसऐवजी एक पंचमांश डोस द्यावा लागला, म्हणजे एका डोसात पाच माणसं. जिथे रोग दारात उभा आहे तिथल्या लोकांना लस पुरत नाही, आणि इथे ज्याला ती मिळतेय, परवडतेय, तो शिक्का विकत घेतो. याला मी चलाखी नाही म्हणणार.

खोट्या कार्डांमुळे खऱ्या कार्डवाल्यांचेही हाल होतात. मार्च २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने जोहान्सबर्ग विमानतळावरून सव्वाशे नायजेरियन प्रवासी परत पाठवले, कार्डं खोटी असल्याच्या संशयावरून. नायजेरियानेही मग दक्षिण आफ्रिकेच्या लोकांना परत पाठवायला सुरुवात केली आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेला माफी मागावी लागली. त्या सव्वाशेत धड लस घेतलेले किती असतील, त्यांनी काय करायचं?

कोविडच्या वेळी लसीच्या सर्टिफिकेटवरून जे झालं त्याने बऱ्याच जणांच्या मनात या सगळ्या प्रकाराबद्दलच अढी बसली आहे, आणि ती मला समजते. पुण्यात बनलेली कोविशील्ड, फॉर्म्युला ब्रिटनमधलाच, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटन म्हणे भारतात ती घेतलेल्या माणसाला लस न घेतलेला समजणार. मग लस मान्य केली तर सर्टिफिकेट अमान्य, आपल्या कोविनवर पूर्ण जन्मतारीख नव्हती हा एक मुद्दा. आपणही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवस क्वारंटाइन लावलं आणि ११ तारखेपासून त्यांनी आपल्यावरची अट काढली. तिकडे ॲडमिशन घेतलेल्या पोरांच्या जिवाची त्या दिवसांत नुसती घालमेल. तो अपमानच होता, मी आजही तसंच म्हणेन. पण यलो फिव्हरचं तसं नाही. इथे कुठली लस चालते, कार्ड कसं दिसतं, कधीपासून लागू, हे सगळ्या देशांनी मिळून एकदाच ठरवलंय, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत ते लिहिलेलं आहे, आणि नैरोबीच्या माणसाला, साओ पावलोच्या माणसाला, नाशिकच्या माणसाला तेच पिवळं पुस्तक. कोविडच्या वेळी असं काही आधी ठरलेलं असतं तर ती वेळ आली नसती.

ही लस सगळ्यांना चालत नाही हे मात्र ट्रिपवाले सांगत नाहीत. जिवंत विषाणूची लस आहे आणि अंड्यात वाढवलेली, त्यामुळे अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, गरोदर असाल, अगदी तान्हं बाळ असेल तर डॉक्टर सहसा नको म्हणतात. साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर रिॲक्शनचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, तरी तो विरळाच, पण आपल्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय घेऊ नका. काकांना बीपीशिवाय काही नाही, डॉक्टरांनी सगळं तपासून हो म्हटलं, त्यांनी घेतली, एक दिवस अंग कणकणलं, बास. काकूंना आमवात आहे आणि त्यासाठी मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे. डॉक्टर म्हणाले नाही म्हणजे नाही. अशा वेळी लस का देता येत नाही याचं पत्र मिळतं, पण परत आल्यावर ते पत्र मानायचं की वेगळं ठेवायचं हा निर्णय विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याचा असतो, आणि मुख्य म्हणजे पत्राने डास चावायचा थांबत नाही. काकूंना तिथे खरंच काही झालं असतं तर?

मग आम्ही काय केलं तर देश बदलला. दक्षिण आफ्रिका यलो फिव्हरच्या त्या यादीत नाही. तिथल्या क्रूगरच्या जंगलात हत्ती, सिंह, गेंडे सगळं आहे, मलेरियाच्या गोळ्या तेवढ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या. फक्त तिकीट काढताना बघावं लागतं, कारण स्वस्तातली बरीच तिकिटं इथिओपियातल्या आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असतात, आणि हे दोन्ही देश यादीत आहेत. तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका कार्ड मागते, आणि परत येताना तिथल्या विमानतळाबाहेर पडला नव्हतात हे भारतातल्या आरोग्य अधिकाऱ्याला पटवावं लागतं. काकूंसाठी आम्ही दुबईमार्गे घेतलं, थोडं महाग पडलं. काका आधी खट्टू झाले होते, मारातली ती विल्डबीस्टची नदी ओलांडायची धावपळ त्यांना बघायची होती, पण त्यांचं कार्ड आता जन्मभराचं आहे, ते पुढच्या वर्षी मित्रांबरोबर जातायत. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर अपॉइंटमेंट मेमध्येच घ्या, त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राला एकदम मारा आठवतं.