सावंतवाडीत सपेलीची गिटार बांधताना

गिटारच्या लाकडाचा विषय निघाला की सगळे लगेच आवाजावर येतात. ब्लॅकवुडचा नाद किती वेळ टिकतो, पडाउक किती खणखणीत. मला मात्र पहिली काळजी होती ती वेगळीच: हे लाकूड जुलैत काय करील?

पाठ आणि बाजू आफ्रिकन लाकडाच्या करायच्या, हे पक्कं होतं. आफ्रिकन ब्लॅकवुडचा नाद लगेच सोडला. टांझानिया-मोझांबिककडचं हे शिसवाच्या कुळातलं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं, इतकं जड. झाड मात्र किरकोळ आणि वाकडंतिकडं. क्लॅरिनेटपुरता तुकडा निघतो, गिटारच्या पाठीएवढी रुंद फळी निघाली तर तिची किंमत ऐकून माणूस परत फिरतो. पडाउक मला मनापासून आवडतं. मारिम्बाच्या, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी वाद्याच्या, पट्ट्या त्याच्या करतात, यावरूनच त्याच्या नादाची कल्पना यावी. पण नोव्हेंबर 2022 मध्ये पनामाला भरलेल्या साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ होत चाललेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत आफ्रिकेतलं पडाउक आणि खाया, म्हणजे आफ्रिकन महोगनी, दोन्ही परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत, गेली. तेव्हापासून अशी फळी देशाबाहेर काढायची तर परवाना लागतो. एका व्यापाऱ्याकडे त्या कागदाबद्दल विचारलं, तर तो चहा मागवायला निघून गेला आणि आल्यावर सागाबद्दल बोलायला लागला. मी पडाउक तिथेच ठेवलं.

राहिली सपेली, तेही आफ्रिकन लाकूडच. दारं-खिडक्यांसाठी ती आपल्याकडे येतेच. गोदामात फळ्या उलथ्यापालथ्या करून, टोकाकडून बघितल्यावर वाढीची वर्तुळं पृष्ठभागाला काटकोनात उभी दिसतील अशी एक शोधली. अशी फळी हवेबरोबर कमी फुगते, कमी पिळते. शिवाय सपेलीचे चमकते पट्टे अशाच कापात उठून दिसतात.

ते पट्टे दिसायला सुंदर, पण रंध्याखाली वैरी. झाड वाढताना तंतू थोडी वर्षं एका बाजूला कलतात, मग उलट. त्यामुळे एक पट्टा गुळगुळीत निघतो आणि शेजारचा उपटतो. ज्यांच्या कारखान्यात मी काम करतो त्या मेस्त्रींनी हात फिरवला आणि म्हणाले, "ह्या लाकूड दोनय बाजूंनी उसवता. रंधो खंयसून मारतलंस?" शेवटी रंधा बाजूला ठेवून स्क्रॅपरनेच, म्हणजे खरवडायच्या पोलादी पत्र्यानेच, पाठ अडीच आणि बाजू दोन मिलिमीटरवर आणल्या. वेळ गेला, पण एकही खपली उडाली नाही.

त्याआधी फळ्या चिरून, मधे पट्ट्या घालून रचून ठेवल्या होत्या. अधूनमधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. पण खोलीची हवा कुठली? गिटारला पंचेचाळीस-पन्नास टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे पावसाळ्यात नव्वदच्या आसपास असते. त्या हवेत सांधे चिकटवले तर वाद्य पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा मुंबईच्या एसीत गेल्यावर आकसतं आणि वरची स्प्रूसची (हे सूचिपर्णी झाडाचं हलकं लाकूड) फळी मधोमध तडकते. म्हणून छोटी खोली फटी बुजवून बंद केली, हवेतला ओलावा ओढणारा डिह्युमिडिफायर लावला आणि चिकटवण्याचं सगळं काम थंडीत ठेवलं. वीज गेली की सरसाचा डबा बंद, मेस्त्रींशी गप्पा चालू.

आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर आंधळा विश्वास नको. बंद डब्यात ओलसर मीठ आणि शेजारी मीटर ठेवलं की काही तासांनी आतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिरावते; मीटर जेवढं चुकीचं दाखवील तेवढं मनात वजा-जमा करायचं. यासाठी पाकिटातलं शुद्ध मीठच घ्या. शिरोड्याचं जाडं मीठ माशाला उत्तम, पण त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे ते ओलावा धरतं आणि आकडा चुकतो.

बाजू वाकवणं हा माझ्या मते सगळ्यात नाजूक भाग. गरम पाइपवर फळी दाबून धरायची, बाहेरून पातळ पत्र्याची पट्टी, म्हणजे तंतू सुटत नाहीत. पाणी फक्त फवाऱ्यापुरतं, कारण भिजलेली सपेली वाकताना लाटा धरते. कमरेच्या वळणाशी आली की घाई करायची नाही. आधी फळी हाताला विरोध करते, मग एका क्षणी आतून ढिली पडल्याचं बोटांना कळतं, आणि तेवढ्या अवधीतच ती वळवायची. त्या वेळी देवदाराच्या जवळचा वास सुटतो.

फिंगरबोर्ड, म्हणजे तारा बोटांनी जिच्यावर दाबतात ती मानेवरची पट्टी, कॅमेरूनच्या एबनीचा (काळ्या, टणक लाकडाचा), तपकिरी रेघांचा. पूर्ण काळ्याच एबनीच्या हट्टापायी रेघांचं झाड तोडूनही जंगलातच टाकून देण्याची पद्धत होती. टेलर गिटार्स या अमेरिकन कंपनीने स्पॅनिश भागीदाराबरोबर 2011 मध्ये कॅमेरूनच्या राजधानीतली, याउंदेची, क्रेलिकॅम ही एबनी कापणारी गिरणी घेतली आणि रेघांची एबनी उघडपणे गिटारवर लावायला सुरुवात केली. आता असे तुकडे सहज मिळतात. टणकपणात काळ्याहून उणे नाहीत. गिऱ्हाईकाला मात्र हे समजावावं लागतं.

लाखेचं पॉलिशही थंडीतच उरकलं. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक धरते.

आणि तरी जुलै आलाच. स्प्रूस फुगली, तिच्यावरचा पूल, म्हणजे तारांचं खालचं टोक धरणारा लाकडी तुकडा, थोडा वर आला, तारा बोटांना उंच लागू लागल्या. पन्नास टक्क्यांना बांधलेल्या वाद्याचं इतकं होणारच, त्यात तडा नाही की सांधा सुटणं नाही. उंच लागणाऱ्या तारांसाठी दोन सॅडल, म्हणजे पुलावर तारा टेकतात त्या बारीक पट्ट्या, घासून ठेवली होती, एक नेहमीचं आणि एक पावसाळी, जरा बुटकं. वेंगुर्ल्याच्या ज्या मुलाने गिटार नेली त्याने विचारलं, बदलायचं कधी ते कसं कळणार? मी म्हटलं, घराचं दार चौकटीला घासायला लागलं की तारा सैल कर आणि बुटकं बसव. दिवाळीनंतर परत नेहमीचं.