यूटामधला रूळ नसलेला रेल्वेमार्ग आणि त्याची टोपोशीट

10 मे 1869 रोजी अमेरिकेचा पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग यूटातल्या प्रॉमंटरी समिटला जोडला गेला. ग्रेट सॉल्ट लेकला उत्तरेकडून वळसा घालणारा हा भाग 1904 मध्ये मागे पडला, कारण सरोवरावरूनच पश्चिमेकडच्या लुसिनपर्यंत थेट लाइन टाकली गेली. 1942 मध्ये युद्धासाठी पोलाद हवं म्हणून रूळही उखडले. आता उरलाय भराव, आणि केल्टन, टेरेस अशी ओसाड ठिकाणं.

ती शोधायला यूएसजीएसची, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, जुनी टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) घ्या. त्यांच्या टोपोव्ह्यू संकेतस्थळावर ती फुकट मिळते. आपल्याकडच्या 1:50,000 पेक्षा इथली 1:24,000 ची शीट बारकाईची: 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 240 मीटर. रूळ काढलेला मार्ग तुटक रेषेने दाखवतात. समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची) उंची फुटांत असते, तेवढं लक्षात ठेवा.

खरी चूक होते ती डेटममध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्यात. जुन्या शीट एनएडी 27 वर आहेत, फोनचं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर. छापलेले अक्षांश-रेखांश तसेच फोनमध्ये घातले तर जागा पन्नासहून अधिक मीटर सरकते. यूटीएमचे (मीटरमधल्या चौकटींच्या जाळ्याचे) आकडे घातले तर उत्तर-दक्षिण सुमारे 200 मीटर. एरवी एवढ्याने बिघडलं नसतं. पण प्रॉमंटरीजवळ युनियन पॅसिफिक आणि सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपन्यांनी चढाओढीत शेजारीशेजारी दोन भराव घातले होते. तुम्ही दुसऱ्याच कंपनीच्या भरावावर उभे राहाल आणि कळणारही नाही! शीटची जिओटिफ (जागेची माहिती असलेली चित्र-फाइल) क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये उघडलीत तर हे गणित प्रोग्रॅमच करतो.

सरोवराच्या निळ्या काठावरही विसंबू नका. 1963 मध्ये पाणी समुद्रसपाटीपासून 4,191 फुटांवर होतं, 1986-87 मध्ये 4,211 च्या वर. जमीन इतकी सपाट की वीस फुटांत काठ कित्येक किलोमीटर हलतो. म्हणून समासातलं सर्वेक्षणाचं साल आधी वाचा. छपाईचं साल वेगळं असतं. जांभळ्या रंगातले बदल हवाई छायाचित्रांवरून नंतर भरलेले आहेत.

लुसिन ते प्रॉमंटरी हा सुमारे 90 मैलांचा कच्चा रस्ता बराचसा भरावावरूनच जातो. वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही. मातीतून वर आलेले जुने खिळे टायर फाडतात, म्हणून दोन स्टेपन्या हव्यात. लाकडी मोऱ्या गाडीचं वजन पेलत नाहीत. तिथे बाजूने काढलेला रस्ता धरा. पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका, खारट चिखलात चाकं रुततात. आणि सापडलेला खिळा जागेवरच राहू द्या, तो उचलणं कायद्याने गुन्हा आहे.