गाळलेले नाव

धाकट्या जावेच्या बाळाचा जन्मदाखला रविवारी घरात सगळ्यांच्या हातातून फिरला. सासूबाईंनी चष्मा लावून बाळाचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले आणि वाचताना जावेचे नाव गाळले. कागदावर चार शब्द होते, त्यांनी तीनच वाचले. जाऊ शेजारीच बसून दुपट्यांच्या घड्या करत होती; तिने मानही वर केली नाही. मला मात्र तेव्हापासून काहीतरी टोचते आहे. माझे नाव तर त्या कागदावर नव्हतेच, मग मला का टोचावे, हे लिहून तरी उलगडते का, ते पाहते आहे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम राज्य सरकारने ठरवला. निर्णय झाला तेव्हा ऑफिसात आम्ही बायकांनी तो एकमेकींना वाचून दाखवला होता. आनंद झाला होता, यात शंका नाही. पण माझी लेक त्या तारखेच्या कितीतरी आधीची. तिच्या नावात मी नाही. अर्जावर आईच्या नावाचा वेगळा रकाना असतो आणि तो मी प्रत्येक वेळी भरते. पण रकान्यात असणे निराळे आणि हजेरीत हाक मारली जाते त्या नावात असणे निराळे. तिला ताप आला की शाळेचा फोन मला येतो. मग इथे नागपुरात कस्तुरचंद पार्कहून मेट्रो पकडून छत्रपती चौकापर्यंत उभ्याने यायचे, वाटेत साहेबांना अर्ध्या दिवसाच्या रजेचा निरोप धाडायचा आणि दाराशी पोहोचल्यावर ‘आज लवकर?’ हा प्रश्न ऐकायचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत स्वतःच्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ८८, असे आले आहे. तो आकडा वाचून मला आश्चर्य वाटले नाही, फार थकवा मात्र आला. इतके सगळे करूनही नाव नसावे, याचे वाईट वाटते. जावेचे नाव आहे, याचेही थोडे वाटते. ते लिहायला जड जाते.

रात्री नवऱ्याशी बोलले. ‘नावाने काय होते?’ असे तो म्हणाला. तो मनाने वाईट नाही. डबे तोच भरतो. पण नावाने काही होत नसते तर ते इतकी वर्षे एकाच बाजूला का राहिले असते? १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात अल्पवयीन मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यामागून आई, असा क्रम आहे. वडील हयात असतानाही आई पालक ठरू शकते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लावला, तरी कायद्यातली ओळ आहे तशीच आहे. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांवरूनही आमचे असेच वाजले होते. ही मतांची खरेदी आहे, असे तो म्हणतो आणि त्यातले बरेच मलाही पटते. पण स्वयंपाकाच्या मावशींनी त्या पैशासाठी स्वतःच्या नावाचे खाते उघडले आणि पासबुक मला दाखवताना पहिल्या पानावरच्या नावावरून बोट फिरवले, ते मी पाहिले आहे. योजनेवर टीका करताना ते बोट मला विसरता येत नाही.

याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब आले होते, आणि बायकांनी घटस्फोटाच्या हक्काचे व बहुपत्नीत्वाच्या बंदीचे ठराव केले. किती जणींनी घरी जाऊन पुन्हा चूल पेटवली असेल, कोण जाणे. मला एवढेच दिसते की चूल सुटेपर्यंत मागणी थांबवायची, असे त्यांनी केले नाही. म्हणून ‘आधी घरातली कामे वाटून घ्या, मग नावाचे बघू’ हा युक्तिवाद मी आता ऐकून घेणार नाही, तो माझ्याच मनातून आला तरीही.

आणि सासूबाई. त्यांचे माहेरचे नाव मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळले, तेही त्यांच्या बहिणीने हाक मारली म्हणून. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने जे नवे नाव लिहिले गेले, ते त्यांना आधी कोणी विचारले नव्हते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली ज्येष्ठ बाई कुटुंबप्रमुख होते, असे मी एकदा सांगितले, तर ‘मला काय करायचे?’ म्हणून त्या देवघरात गेल्या. ज्यांचे स्वतःचेच नाव एका दुपारी बदलले गेले, त्यांची नजर सुनेच्या नावावरून सहज पुढे सरकली असेल. त्यांच्यावरचा माझा राग यामुळे बराच उतरला. टोचणी गेलेली नाही, पण ती आता त्यांच्या नावे लिहून ठेवावीशी वाटत नाही.

आज लेकीला सगळे सांगितले. अठरा वर्षांची झाल्यावर राजपत्रातून नाव बदलून घेता येते, तुला हवे तर माझे नाव लाव, नको तर राहू दे, असेही म्हणाले. उत्तरपत्रिकेवर एवढे मोठे नाव मावेल का, असे तिने विचारले आणि उत्तर न ऐकताच खाली खेळायला पळाली. तिला घाई नाही, हे बरोबरच आहे. मला मात्र तिचा होकार आजच हवा होता.