आमची वाटचाल : फोटो कुणाचे, हे आधी कागदावर

नागपूरच्या महाल भागातल्या वडिलांच्या जुन्या खोलीत आम्ही बहीण-भावानं स्टुडिओ थाटला तेव्हा लग्नांचीच कामं असायची. मे महिन्याच्या उन्हात वरातीपुढे उलटं चालत शूट करायचं आणि पावसाळाभर अल्बम लावत बसायचं. पाचव्या वर्षी हिंगणा एमआयडीसीतल्या एका मसालेवाल्या कंपनीचं काम मिळालं आणि आम्ही प्रॉडक्ट फोटोग्राफीत शिरलो. त्या एका कामाचा फार मनस्ताप झाला. पण आज आम्ही ज्या पद्धतीनं काम करतो, ती तिथूनच आली.

बोलणी फोनवर झाली होती. पाकिटांवर छापायला चाळीस फोटो, रक्कम ठरली, ॲडव्हान्स आला, शेवटी बिल दिलं. कागद म्हणाल तर तेवढाच. सहा महिन्यांनी वर्धा रोडवर आमचाच झणझणीत रस्सा होर्डिंगभर पसरलेला दिसला. पैसे पाकिटांचे घेतलेले, जाहिरातीचे नाहीत, असं आम्ही कळवलं. उत्तर आलं ते भलतंच : आमचे फोटो तुमच्या वेबसाइटवर लावलेत, ते उतरवा.

भाऊ रात्रभर झोपला नाही. मी कागद घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या एका वकीलताईंकडे गेले. त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ वाचून दाखवलं. फोटो काढणारा हा त्या फोटोचा कर्ता, यात वाद नाही. मी माझ्या हौसेनं ताडोब्यात वाघ टिपला तर हक्क माझाच. पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा. वेगळं काही ठरलं होतं हे दाखवायला आमच्याकडे एक ओळही नव्हती. आम्ही फोटो उतरवले. ‘ज्यानं बटण दाबलं त्याचा फोटो’ असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. धंद्यातले बरेच जण अजूनही तसंच धरून चालतात, म्हणून हे एवढं लिहिते आहे.

त्यानंतरचं मोठं काम इतवारीतल्या एका संत्रा बर्फीवाल्या काकांचं. कराराचा मसुदा पुढे ठेवताच ते म्हणाले, “पैसे मी देऊन राहिलो, बर्फी माझी, मंग फोटो तुहा कसा?” मी कलमं सांगत बसले, ते गिऱ्हाईक करत राहिले. पहिली बैठक वाया गेली.

दुसऱ्या वेळी मी कायदा बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, “काका, तुम्हाला भीती कशाची वाटते?” ते म्हणाले, “उद्या तू हेच फोटो समोरच्या दुकानाले विकशीन.” खरी गाठ तिथं होती. ती सोडवायला सगळा हक्क देऊन टाकायची गरजच नव्हती. आम्ही लिहून दिलं : हे फोटो दुसऱ्या कुठल्याही मिठाईवाल्याला कधीच देणार नाही. कॉपीराइट आमच्याकडे राहील. काकांनी ते डब्यांवर, दुकानात आणि वेबसाइटवर तीन वर्षं, भारतभर वापरावेत. होर्डिंगचा दर वेगळा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल, मिळणार नाहीत. आमच्या कामाचा नमुना म्हणून आम्ही ते दाखवू शकू. शेजारी दुसरा आकडाही लिहिला, सगळे हक्क हवे असतील तर अडीचपट. काकांनी दोन्ही आकडे बोटांवर मोजले आणि पहिल्यावर सही केली.

वर्षं आणि प्रदेश लिहायचा आग्रह माझाच असतो. ते लिहिलं नाही तर कायदाच पाच वर्षं आणि भारत असं धरून चालतो, मग दोघांच्याही मनात असेल ते बाजूलाच राहतं. आता कोटेशनमध्येच वापराचा तपशील जातो. काटोलच्या बागेत संत्री निवडणाऱ्या बायांचे फोटो काढले तेव्हा त्यांच्या संमतीच्या सह्याही आधी घेतल्या, मजकूर मराठीत वाचून दाखवून. काही एजन्सींना सगळेच हक्क हवे असतात. तेही आम्ही देतो, पण त्याची किंमत आधी सांगून, आणि तेही लेखीच. हक्क लिहून दिल्यावरही कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि नावाला बट्टा लागेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे आपल्याकडे उरतो, हे त्या वकीलताईंनीच मला सांगितलं होतं. ज्या दिवशी मसाल्याचे फोटो उतरवले, त्या दिवशी मला त्याचा मोठा आधार वाटला होता.

गेल्या दिवाळीआधी काकांचा फोन आला. “बाहेरदेशी डबे पाठवाचे आहेत. आपल्या कागदात तं भारतच लिहिलं आहे ना? नवा कागद घेऊन ये.” मी गेले. त्यांनी चष्मा लावून ओळन् ओळ वाचली, आकड्यातून दोन हजार कमी करून घेतले, सही केली आणि अर्धा किलो बर्फी बांधून दिली.