वर्कला : जांभ्याच्या कड्यावरचे गाव

केरळचा समुद्रकिनारा म्हटला की माडांची रांग, रेतीची सपाट पट्टी आणि तिच्यामागे पसरलेले खाडीचे संथ पाणी डोळ्यांसमोर येते, आणि ते बहुतांशी खरेही आहे. तिरुवनंतपुरमच्या उत्तरेस साधारण 40 किलोमीटरवर असलेल्या वर्कल्याला मात्र ते लागू पडत नाही. तेथे जमीन समुद्राकडे हळूहळू उतरत नाही, तर माडांसकट एकाएकी थांबते, आणि पुढचे पाऊल टाकायला उरतो तो तांबड्या मातीचा उभा कडा व त्याच्या पायथ्याशी आदळणारा अरबी समुद्र. गावाची देवळे, तीर्थ, बाजार, गाडीचा रस्ता आणि आता पर्यटकांची वर्दळ, सारे या कड्याने जिथे जागा दिली तिथे वसले आहे. म्हणून वर्कल्याचे वर्णन कड्यापासूनच सुरू करणे मला योग्य वाटते.

महाराष्ट्रातून तेथे पोहोचणे अवघड नाही. मुंबईहून निघणारी नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेच्या मार्गाने खाली उतरते आणि 'वर्कला शिवगिरी' या स्थानकावर थांबते. आम्ही रत्नागिरीला गाडीत बसलो. रत्नागिरीचे नाव मुद्दाम घेतो, कारण जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला वर्कल्याचा कडा पहिल्या नजरेतच ओळखीचा वाटतो. कोकणातल्या सड्यावर जो तांबडा, भोकाभोकांचा दगड आपण रोज तुडवतो, तोच येथे कड्याच्या माथ्यावर टोपीसारखा बसलेला आहे. फरक इतकाच की आपल्याकडे सड्याच्या पोटात काय आहे ते पाहायला चिरेखाणीत किंवा विहिरीत डोकवावे लागते, आणि वर्कल्यात समुद्राने ते पोट उघडे करून ठेवले आहे.

ओहोटीच्या वेळी पापनाशम् किनाऱ्यावरून उत्तरेकडे चालत गेल्यास हे उघडे पोट सावकाश वाचता येते. सर्वांत वर जांभा. त्याच्याखाली पिवळट, तांबूस, कुठे जवळजवळ पांढऱ्या वाळूचे दगड झालेले थर. त्यांच्यामध्ये राखी चिकणमातीचे पट्टे. आणि काही ठिकाणी काळपट, कुजलेल्या लाकडाची आठवण करून देणारा लिग्नाइटचा, म्हणजे कच्च्या कोळशाचा, पातळ थर. हे सारे गाळाचे थर मायोसीन आणि प्लायोसीन या कालखंडांतले, म्हणजे काही दशलक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. विल्यम किंग या भूशास्त्रज्ञाने 1882 मध्ये त्यांना या गावाच्याच नावावरून 'वर्कली' थर असे संबोधले, आणि केरळच्या किनारी भागातल्या तशा खडकांना आजही शास्त्रात तेच नाव आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली सापडणाऱ्या लिग्नाइटयुक्त चिकणमातीशी या थरांची तुलना अभ्यासक करतात, हे मला ठाऊक होते. पण ते वाचणे वेगळे आणि 20-25 मीटर उंचीच्या भिंतीत ते सारे रंग एकावर एक रचलेले पाहणे वेगळे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या कड्याला राष्ट्रीय भूवारसा स्थळाचा दर्जा दिलेला आहे, आणि 2025 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत भारताची जी सात नैसर्गिक स्थळे दाखल झाली, त्यांत वर्कल्याच्या जोडीला आपल्या पाचगणी-महाबळेश्वरचे बेसाल्टचे थरही आहेत. एकाच यादीत सह्याद्रीचा काळा खडक आणि हा तांबडा कडा पाहून मला मनापासून आनंद झाला.

या थरांमधून एक गोष्ट सतत चाललेली असते, आणि ती ध्यानात आली की वर्कला बरेचसे उलगडते. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून आणि त्याखालच्या वाळूच्या थरांतून खाली झिरपत जाते. चिकणमातीपाशी आले की त्याला खाली वाट मिळत नाही, मग ते आडवे वाहू लागते आणि कड्याच्या तोंडावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. डिसेंबरअखेरीसही हे झरे वाहत होते. खाऱ्या समुद्रापासून काही पावलांवर कड्यातून गोड्या पाण्याची धार पडते आहे आणि लोक तिच्याखाली ओंजळ धरून उभे आहेत, हे दृश्य पाहिले की या किनाऱ्याला पापनाशम्, पाप धुऊन टाकणारे स्थान, का मानले गेले असेल याचा अंदाज येतो. पाण्याच्या अशा ठिकाणी तीर्थ होते, ही आपल्या सगळ्या देशाची जुनी रीत आहे.

या तीर्थाचा मुख्य विधी पितरांचा. कर्किटकम् महिन्यातल्या अमावास्येला, म्हणजे आपल्याकडे दीप अमावास्या येते त्या सुमारास, हजारो लोक येथे पितरांना बली, म्हणजे पिंड, अर्पण करायला येतात. पण वर्षभरातही सकाळी किनाऱ्यावर हे विधी चालूच असतात. केळीच्या पानावर भात, तीळ, दर्भ आणि फुले मांडून पुरोहित मल्याळी वळणाच्या संस्कृतात मंत्र सांगत होते, आणि समोर ओल्या वस्त्रांनी बसलेल्यांमध्ये स्त्रियाही होत्या. एक मध्यमवयीन बाई एकट्याच आल्या होत्या. विधी झाल्यावर पान डोक्यावर धरून त्या लाटेत शिरल्या, पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी ते पाण्यात सोडले आणि बुडी मारून सरळ बाहेर आल्या. आमच्या घरी श्राद्धाच्या दिवशी आईला आणि काकूंना स्वयंपाकघरातून बाहेर यायलाही उसंत नसे. त्या बाईंना स्वतःच्या हाताने पाणी देताना पाहून मला फार बरे वाटले.

किनाऱ्यावरून वर येणारा रस्ता जनार्दनस्वामींच्या देवळाकडे जातो. देऊळ उंचावर आहे आणि पायऱ्या बऱ्याच आहेत. तांब्याच्या पत्र्याने मढवलेले वर्तुळाकार गर्भगृह, त्याच्यापुढचा चौकोनी मंडप आणि मंडपाच्या छताला कोरलेले लाकडी नवग्रह पाहण्यासाठी तेवढे चढणे सार्थकी लागते. पुरुषांना सदरा उतरवूनच आत जावे लागते. मूर्तीचा उजवा हात आचमनासाठी तोंडाकडे नेल्यासारखा उचललेला आहे, तो हळूहळू वर सरकत असून ज्या दिवशी तोंडाला टेकेल त्या दिवशी जगाचा अंत होईल, अशी श्रद्धा आहे. देवळातली जुनी घंटा एका डच जहाजाकडून आल्याचे सांगतात. जहाज संकटात सापडले, कप्तानाने नवस केला, आणि पुढे घंटा अर्पण केली, अशी ती कथा आहे. या किनाऱ्याने मिऱ्याच्या व्यापारासाठी आलेली इतकी परदेशी गलबते पाहिली आहेत की ती ऐकताना नवल वाटत नाही.

आता कड्याच्या माथ्याविषयी. 'नॉर्थ क्लिफ' या नावाने ओळखली जाणारी पायवाट हेलिपॅडपासून सुरू होते आणि तिच्या एका बाजूला सलग उपाहारगृहे, आयुर्वेदिक मालिशची केंद्रे, योगवर्ग, काश्मिरी आणि तिबेटी वस्तूंची दुकाने आहेत. दुसऱ्या बाजूला थेट पोकळी. संध्याकाळी उपाहारगृहांपुढे बर्फावर मासे मांडतात आणि गिऱ्हाइकाने निवडलेला मासा समोरच भाजून देतात. आम्हांला त्याहून आवडले ते स्थानकाजवळच्या साध्या खाणावळीतले जेवण: जाड तांबूस उकडा भात, आणि कुडमपुळी घातलेले माशाचे कालवण. कुडमपुळी हे आपल्या कोकमाच्याच कुळातले फळ; वाळवून काळे केलेले, चवीला आमसुलापेक्षा धुरकट. 

माथ्यावरची ही वर्दळ पाहताना मात्र मन स्वस्थ राहत नाही. जे पाणी झऱ्यांतून तीर्थ होऊन बाहेर येते, तेच पाणी कड्याला आतून सैल करते. पावसाळ्यात पाण्याने जड झालेला जांभा वरून दाबतो, मधली वाळू ओघळते, खाली लाटा पायथा पोखरतात, आणि मग एखादा भाग सुटून कोसळतो. पायवाटेलगत अनेक ठिकाणी कुंपण आहे, आणि कुंपणाच्या पलीकडे पूर्वीच्या वाटेचे तुकडे हवेत संपलेले दिसतात. अशा जमिनीच्या अगदी कडेवर इमारतींचा भार टाकणे आणि त्यांचे सांडपाणी त्याच सच्छिद्र थरांत मुरवणे हे मला सरळ अन्यायाचे वाटते. कडा ज्या कारणाने पाहण्याजोगा आहे, त्याच कारणाने तो नाजूक आहे, आणि 2024 मध्ये बलिमंडपाजवळचा त्याचा काही भाग यंत्राने कापून काढण्यात आला तेव्हा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हरकत घेतली, ती रास्तच होती. आमचे रिक्षावाले चेट्टन याच गावचे. "लहानपणी आम्ही खेळायचो ती जागा आता समुद्रात आहे," असे ते सहज बोलून गेले.

गर्दीपासून दूर जायचे असेल तर कड्यावरून किंवा पायथ्याने उत्तरेकडे चालत राहावे. दुकाने विरळ होतात, काळ्या वाळूचा छोटा किनारा लागतो, मग ओडयम् आणि इडवा. काळी वाळू म्हणजे इल्मेनाइटसारख्या जड खनिजांचे कण. लाटा हलकी वाळू उचलून नेतात आणि हे कण मागे ठेवतात. शेवटी काप्पिलला पोहोचले की कडा उरलेला नसतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तलाव, आणि मध्ये जेमतेम रस्त्यापुरती जमीन. केरळचे ते नेहमीचे चित्र येथे पुन्हा सुरू होते.

याच भूरचनेमुळे त्रावणकोरच्या राज्यकर्त्यांना एकोणिसाव्या शतकात मोठे काम हाती घ्यावे लागले. तिरुवनंतपुरमपासून उत्तरेकडे सलग जलमार्ग नेण्यासाठी खाड्या एकमेकींना कालव्यांनी जोडल्या गेल्या होत्या, पण वर्कल्याची टेकडी मध्ये आडवी होती. होड्या टेकडीच्या अलीकडे रिकाम्या करायच्या, माल डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि तेथे पुन्हा होड्यांत भरायचा, हे टाळण्यासाठी टेकडीच्या पोटातून दोन बोगदे खोदण्यात आले आणि 1880 पर्यंत ते पूर्ण झाले. आम्ही एका बोगद्याच्या तोंडापाशी गेलो. मऊ, पाणी गळणाऱ्या या थरांत त्या काळच्या साधनांनी असे काम करणे किती कठीण गेले असेल, हे कडा पाहून आल्यामुळे नीट उमगले. पर्यटकांपैकी फारच थोडे इकडे येतात, याची खंत वाटते.

स्थानकाच्या नावातले शिवगिरी हे श्रीनारायण गुरूंचे स्थान, आणि माझ्या दृष्टीने वर्कल्यात यायचे ते समुद्राइतकेच यासाठी. तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या ईळव समाजात जन्मलेल्या या संन्याशाने 1888 मध्ये अरुविप्पुरम येथे स्वतः शिवाची प्रतिष्ठापना करून पुरोहितशाहीच्या मक्तेदारीला प्रश्न विचारला, आणि माणसाला एक जात, एक धर्म, एक देव हे सूत्र दिले. शिवगिरीवरील शारदेचे मंदिर 1912 मधले आहे. विद्येच्या देवतेची स्थापना हा त्यांच्या कार्याचाच भाग होता, कारण शिक्षणाने मुक्त व्हा आणि संघटनेने बलवान व्हा, असे ते सांगत. ज्योतिबांच्या आणि सावित्रीबाईंच्या मुलखातून गेलेल्या माणसाला हे मंदिर फार जवळचे वाटते. 1928 मध्ये गुरूंनी येथेच देह ठेवला आणि टेकडीच्या माथ्यावर त्यांची समाधी आहे.

1922 मध्ये रवींद्रनाथ टागोर आणि 1925 च्या मार्चमध्ये गांधीजी शिवगिरीला येऊन गुरूंना भेटले. गांधीजींनी आंब्याच्या झाडाची लहानमोठी पाने दाखवून माणसांतील भेदही तसेच नैसर्गिक असल्याचे सुचवले, तेव्हा पाने चावून पाहिली तर रस सारखाच लागेल, असे गुरूंनी उत्तर दिल्याची आठवण केरळात आवर्जून सांगितली जाते. हा वायकोमच्या सत्याग्रहाचा काळ; देवळाभोवतीचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत यासाठी चाललेल्या त्या लढ्याकडे लक्ष देण्यासाठी गांधीजींनी विनोबांनाही केरळात पाठवले होते.

आम्ही गेलो तेव्हा 30 डिसेंबर ते 1 जानेवारीची शिवगिरी यात्रा सुरू होत होती. पायी येणारे जथे गावात शिरत होते, सर्वांच्या अंगावर पिवळी वस्त्रे. रेशमी पिवळे कापड विकत घेऊ नका, साधे पांढरे कापड हळदीच्या पाण्यात बुडवा, असे गुरूंनीच सांगून ठेवले होते. यात्रेची उद्दिष्टेही त्यांनी ठरवून दिली: शिक्षण, स्वच्छता, ईश्वरभक्ती, संघटना, शेती, व्यापार, हस्तव्यवसाय आणि तांत्रिक शिक्षण. मंडपात खरोखरच या विषयांवर व्याख्याने चालली होती आणि लोक वह्या काढून टिपणे घेत होते. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माझ्या मनाला यात्रेचे हे रूप अगदी नवे होते, आणि ते विलक्षण आवडले.

परतीच्या आदल्या दिवशी दक्षिणेकडे 10-12 किलोमीटरवर असलेल्या अंचुतेंगूला गेलो. इंग्रज त्याला अंजेंगो म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस आट्टिंगलच्या राणीच्या परवानगीने ईस्ट इंडिया कंपनीने येथे मिऱ्याच्या व्यापारासाठी ठाणे वसवले आणि चौकोनी किल्ला बांधला, तोही जांभ्याचाच. 1721 मध्ये राणीकडे नजराणा घेऊन निघालेल्या सुमारे 140 इंग्रजांच्या तुकडीला स्थानिक लोकांनी संपवले आणि किल्ल्याला वेढा घातला. भाव पाडणे आणि व्यापारातली अरेरावी यांविरुद्धचा तो संताप होता. इंग्रज कादंबरीकार लॉरेन्स स्टर्नने जिला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत ती एलायझा ड्रेपर याच वसाहतीत 1744 मध्ये जन्मली. चौदाव्या वर्षी तिचे मुंबईत कंपनीच्या एका बड्या नोकराशी लग्न झाले, आणि 1773 मध्ये माझगावच्या बेल्वेडिअर या बंगल्यातून एका रात्री ती नवऱ्याला कायमची सोडून निघून गेली. माझगावात वर्षानुवर्षे नोकरी केलेल्या माझ्या ताईला ही हकिकत मी किल्ल्याच्या तटावर उभे राहून सांगितली, तेव्हा ती बराच वेळ त्या बंगल्याची जागा नेमकी कोणती असेल याचाच विचार करत होती.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात समुद्रात उतरणे धोक्याचे आहे आणि कड्याच्या पायथ्याशी उभे राहणे त्याहून अधिक. यात्रेच्या दिवसांत खोल्या मिळणे कठीण जाते, तेव्हा आधीच सोय करावी. राहण्यासाठी कड्याच्या धारेवरची जागा न घेता देवळाजवळ किंवा गावात घ्यावी. चालत दहा मिनिटांत समुद्र दिसतो, आणि आपल्या खोलीचे पाणी त्या थरांत मुरत नाही.