आमची वाटचाल: जुनी ओळ पुसायची नाही

कारखान्यांचे आणि व्यापाऱ्यांचे आयटम मास्टर (मालाची मूळ यादी), व्हेंडर मास्टर (पुरवठादारांची यादी), एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गाच्या कोडप्रमाणे कर-दरांचे तक्ते सांभाळणं हा आमच्या फर्मचा धंदा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि काम आपसूक वाढलं. फर्म बुडायची वेळ आली ती एककापायी, म्हणजे माल किलोवर मोजायचा की नगावर यापायी.

एका कारखान्यात एम10×50 चे हेक्स बोल्ट किलोवर होते, स्टोअरला नगावर हवे होते. ज्या कोडवर (मालाच्या क्रमांकावर) शिल्लक आहे त्याचं एकक सॉफ्टवेअर बदलू देईना, म्हणून आमच्याकडून थेट डेटाबेसमध्ये बदललं गेलं. 1,200 किलोचे 1,200 नग झाले! किलोला साधारण पंचवीस बोल्ट बसतात. म्हणजे गोदामात तीसएक हजार पडून, आणि सिस्टीम नवी खरेदी सुचवत राहिली. नवा कोड उघडायचा, वजन करून शिल्लक वळवायची, जुना कोड ब्लॉक करायचा, एवढंच करायला हवं होतं.

या चुकीची संधी साधून एका स्पर्धकाने आमची तीन गिऱ्हाइकं नेली. ‘अर्ज नको, मंजुरी नको, लगेच बदलून देतो.’ ते शब्द अजून टोचतात, कारण आमचा बदल-अर्ज त्या चुकीतूनच घडला होता: कोड, जुनी नोंद, नवी नोंद, कारण, लागू तारीख, मागणारा, भरणारा, तपासणारा. भरणारा आणि तपासणारा एकच असला की अर्ज परत.

एक सिमेंटचे व्यापारी मात्र हलले नाहीत. 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंट 28 वरून 18 टक्क्यांवर आलं. त्यांच्या मास्टरमध्ये 28 ची ओळ 21 तारखेला बंद, 18 ची 22 ला सुरू. नंतर ऑगस्टच्या बिलावर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढली, तर 28 च लागला. दर खोडून नवा लिहिला असता तर तिथे 18 आला असता.

जाता जाता: एक्सेलमध्ये पेस्ट करण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर 00412 चा 412 होतो. जीएसटी क्रमांकाची तिसरी ते बारावी अक्षरं पॅनशी ताडून पाहा. व्हेंडरचं बँक खातं बदलायची मेल आली, तर मास्टरमधल्या जुन्या नंबरवर फोन करा. मेलमधल्या नंबरवर कधीच नाही.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्य-कोड. दमण-दीवचा 25 होता. दादरा-नगर हवेलीशी 2020 मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर तिथे 26 चालतो. आमच्या तक्त्यात 25 अजून आहे, ‘बंद’ अशी खूण लावून. जुनी बिलं त्याच्यावरच उघडतात.