तंजावरला मुक्काम करा

मदुराई-रामेश्वरच्या पॅकेजमध्ये तंजावर नेहमी 'जाता जाता' येतं. बस भर उन्हात साडेअकराला थांबते, माणसं तापलेल्या दगडांवरून उड्या मारत नंदीपाशी पोचतात, फोटो होतो, दर्शनाची रांग होते आणि साडेबाराच्या सुमाराला देऊळ बंद. मग पुढचं गाव. आम्ही या वेळी पॅकेज टाळलं आणि फक्त तंजावरसाठी तंजावरला गेलो. बरोबर सत्तरीतले सासरे होते, त्यामुळे धावपळ नको हे आधीच ठरलेलं.

इथे विमानतळ नाही. जवळचा त्रिचीला, साधारण पंचावन्न-साठ किलोमीटरवर, आणि तिथून बस सतत सुटतात. चेन्नईहून यायचं तर एग्मोरहून रात्रीची गाडी सोयीची, सकाळी तंजावर. हॉटेल शक्यतो जुन्या बसस्टँडच्या किंवा स्टेशनच्या आसपास घ्या. नवा स्टँड गावाबाहेर आहे, आणि बाहेरगावच्या बऱ्याच बस तिथेच सोडतात. तिथून गावात यायला शहर बस मिळते. रिक्षा केलीत तर भाडं बसायच्या आधी ठरवा.

या गावाचं घड्याळ देवळावर चालतं. बृहदीश्वर, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडी 'पेरिय कोविल', मोठं देऊळ, सकाळी सहाला उघडतं, दुपारी बंद होतं आणि चारला परत उघडतं. आमचा क्रम असा: संध्याकाळी देऊळ, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा देऊळ, आणि ऊन चढलं की राजवाडा, कारण तिथे डोक्यावर छप्पर आहे. हाच क्रम धरा. चारच्या ठोक्याला मात्र जाऊ नका, फरशी तेव्हाही पाय भाजते. पाचनंतर उत्तम. म्हाताऱ्या माणसांसाठी जाड मोजे पिशवीत टाका. सासऱ्यांनी आधी नाक मुरडलं, मग तेच दोन दिवस घालून हिंडले.

राजराज चोळानं हे देऊळ इसवी सन 1010 च्या सुमाराला पुरं केलं. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची सुमारे 66 मीटर, आणि सगळं ग्रॅनाइट. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं गाईड छातीठोकपणे सांगतील. संध्याकाळी पाचला आवारात उभे राहा, नंदीच्या बाजूला लांबलचक सावली पसरलेली दिसेल. देवळाला असल्या चमत्काराची गरजच नाही. त्यापेक्षा दुसऱ्या गोपुराच्या द्वारपालांच्या पायाशी बघा. तिथे एक अजगर हत्ती गिळतोय. हत्ती अजगराच्या तोंडात मावतो आणि तो अजगर द्वारपालाच्या पायाशी लहानसा दिसतो, म्हणजे द्वारपाल केवढा याचा हिशोब तुम्हीच करा. बहुतेक लोक मान वर करून आत जातात आणि हे चुकवतात.

जोत्यावर सगळीकडे तमिळ कोरीव लेख आहेत. दान कोणी काय दिलं, देवळात नेमलेल्या चारशे नर्तकींची नावं, त्यांची घरं कुठल्या रांगेत, सगळी नोंद दगडात. आपल्याला वाचता येत नाही, पण अक्षरांची ती सलग दाटी बघूनही कारभाराचा अंदाज येतो. गाभाऱ्याभोवतीच्या अंतर्भागातली चोळकालीन भित्तिचित्रं सर्वांना बघायला खुली नसतात. आवारातल्या माहिती केंद्रात त्यांची छायाचित्रं आहेत, ती बघून घ्या.

आता आपला कोपरा. प्रदक्षिणेत नैर्ऋत्येला गणपतीचं छोटं देऊळ लागतं, त्या बाजूला भिंतीवर मराठी शिलालेख आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये आपल्या भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. अक्षरं देवनागरी, पण शब्द सुटे करायची पद्धत नाही, त्यामुळे पहिली पाच मिनिटं काहीच लागत नाही. मग एखादं 'शाहाजी' ओळखू येतं आणि तिथून मागेपुढे सरकत वाचायचं. तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं. आम्ही वाचत बसलो होतो तेव्हा एक स्थानिक गृहस्थ थांबले आणि मराठीत बोलू लागले. त्यांच्या घरी अजून मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं तमिळमध्येच. सूर तमिळ आणि क्रियापदं आपली, कान लावून ऐकावं लागत होतं. सासऱ्यांची आणि त्यांची मैफल इतकी जमली की मी तेवढ्यात वायव्येचं सुब्रह्मण्याचं देऊळ बघून आलो. तेही चुकवू नका, मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातलं आहे आणि कोरीवकाम अतिशय नाजूक.

राजवाड्याबद्दल स्पष्ट सांगतो: मराठा दरबार वगैरे डोळ्यांपुढे आणून गेलात तर हिरमोड होईल. मूळ वाडा नायकांचा, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्या वंशानं वाढवलेला, आणि आज बराचसा पडझडीचा. वेगवेगळ्या भागांची तिकिटं वेगळी आहेत, सुटे पैसे ठेवा. घाई असेल तर बाकीचं सोडा आणि कलादालनातली चोळांची कांस्यशिल्पं बघा. तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव शोधा. पाय दुमडून एका बाजूला रेललेला, एक हात सहज टेकलेला, पण ज्या नंदीवर टेकलाय तो नंदीच आता नाही. मी त्याच्यापुढे अर्धा तास होतो. नटराजांपुढे गर्दी असते, याच्यापुढे कोणी नव्हतं.

सरस्वती महाल ग्रंथालयातली हस्तलिखितं पर्यटकांना चाळायला मिळत नाहीत, फक्त बाजूचं छोटं संग्रहालय बघता येतं. तरी जा. ताडपत्रं आहेतच, शिवाय माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी जुळवून दाखवणारी ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं आहेत. असली चित्रं जमवणारा मराठी राजा कोण, हे कळायला शिवगंगा बागेजवळचं श्वार्ट्झ चर्च बघावं. श्वार्ट्झ हे सरफोजींचे जर्मन पाद्री गुरू. त्यांच्या मरणशय्येजवळ उभे असलेले सरफोजी, हे दृश्य फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानं संगमरवरात कोरलंय, ते आत आहे. चर्च कुलूपबंद असू शकतं, आवारात विचारा, आम्हाला उघडून दिलं.

खाणं: दुपारी केळीच्या पानावरचं जेवण. तिखट-आंबट आवडत नसेल तर दही-भात मागून घ्या, कोणी हसत नाही. कॉफी डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे खोलगट वाटी आणि पेल्यात, आणि साखर कमी हवी असेल तर करण्याआधी सांगा. खरेदीला मान डोलावणाऱ्या बाहुल्या हलक्या आणि स्वस्त. तंजावर शैलीची चित्रं घ्यायची तर सोन्याचा वर्ख खरा की नुसता सोनेरी कागद हे विचारून, आणि सरकारी दुकानातले भाव आधी बघून.

हातात आणखी दिवस असेल तर दोन पर्याय. तिरुवैयारू तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठी, कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी तिथे आहे. जानेवारीच्या सुमाराला त्यांचा आराधना उत्सव असतो, तेव्हा खोली फार आधी धरा. तिथला मुगाच्या डाळीचा अशोका हलवा गरम असतानाच खा, डबा भरून आणायच्या भानगडीत पडू नका, गार झाल्यावर ती मजा नाही. दुसरा पर्याय कुंभकोणमच्या बाजूला, साधारण पस्तीस किलोमीटरवर दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ. आकारानं बृहदीश्वराच्या पुढे लहान, पण दगडी रथाची चाकं आणि बारीक शिल्पं जवळ जाऊन बघायची सोय इथेच. वाटेवर स्वामीमलैला मेण वितळवून मूर्ती ओतणारे कारागीर आहेत. दोन्ही दिशा एका दिवसात बसवू नका. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर दारासुरमला गाडी करून जा.